गॉडझिला ५० मीटरचाच बरा, की कोयनेच्या भिंतीएवढा हवा?

इर्विन_पूल (सांगली)
‘गॉडझिला मायनस झीरो’ ३ नोव्हेंबर २०२६ला जपानमध्ये आणि ६ला अमेरिकेत लागतोय. दिग्दर्शक पुन्हा ताकाशी यामाझाकीच. घोषणा झाल्यापासून जो तो एकच म्हणतोय, ‘ह्या खेपेला मोठा करा.’ माझं मत उलटं आहे. एक वीतसुद्धा वाढवू नका. (पुढे पहिल्या भागाचा शेवट फुटणार आहे. बघितला नसेल तर इथूनच मागं फिरा.)

२०२३च्या पहिल्या भागातला, म्हणजे ‘मायनस वन’मधला गॉडझिला ५०.१ मीटर. हॉलिवूडचा २०१९चा ११९.८. आता दोघांना कोयना धरणाशी उभे करा. भिंत १०३ मीटर. अमेरिकन गडी मागं उभा राहिला तर भिंतीवर हनुवटी टेकवून खालच्या हेळवाक गावाची गंमत बघत बसेल. त्यांचा काँग १०२ मीटर, म्हणजे बरोब्बर भिंतीएवढा. जपानी गॉडझिला भिंतीच्या निम्म्यावर. त्याला पलीकडे यायचं तर भिंत फोडावी लागणार, आणि भीती तिथंच आहे.

दुसरं, चौकट. टूके प्रोजेक्टरवर स्कोप, म्हणजे रुंद चौकटीच्या सिनेमाला उभ्या ८५८ ओळी मिळतात. पायापासून डोक्यापर्यंत गॉडझिला मावला, तर शेजारचा माणूस ५० मीटरवाल्यापुढे साधारण २९ ओळींचा दिसतो, १२० वाल्यापुढे १२. २९ ओळींत हात वर केलेला कळतो. १२ ओळींत मुंगी.

कोयनेचं_पाणी (सातारा)
आधी एक दुरुस्ती. १०३ मीटर ही पायापासूनची उंची. नदीच्या पात्रातून भिंत तेवढी दिसत नाही. म्हणजे तुमच्या गड्याला हनुवटी टेकवायला वाकावं लागेल.

आता मुद्दा. ‘मायनस वन’मध्येच १९४५ला ओडो बेटावर तो १५ मीटरचा होता. १९४६च्या बिकिनी बेटावरच्या अणुचाचण्यांनंतर ५०.१ झाला. उंची ३.३४ पट, म्हणजे घनाच्या हिशेबानं वजन ३७ पट. हे तुम्ही मुकाट्यानं गिळलं आणि आता दुसऱ्या वाढीला ‘वीतसुद्धा नको’? शेवटी समुद्राच्या तळाशी मांसाचा गोळा परत फुगताना दाखवलाय. जखम भरताना तो जास्तीचा वाढला नाही, तरच त्याचं कारण द्यावं लागेल.

आणि परंपरेचं म्हणाल तर १९५४ला ५० मीटर, १९८४ला ८०, १९९१ला १००. ह्या टप्प्यांत तो वाढवतच नेलाय.

इर्विन_पूल
का वाढवला तेही सांगा की. टोकियोत १९५४ला इमारतींना ३१ मीटरची कायदेशीर मर्यादा होती, म्हणून ५० मीटरचा प्राणी छपरांवरून डोकावायचा. १९८४पर्यंत गगनचुंबी इमारती आल्या, त्यांच्यापुढे तो बुटका दिसायला लागला, म्हणून ८०. उंची शहराच्या मागं गेली. मायनसची गोष्ट युद्धानंतरच्या टोकियोतली आहे, तिथं ३१ मीटरची मर्यादा अजून तशीच आहे.

सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको. इर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ धोका, २०१९ला ५७च्या वर. ४५चे ४६ झाले की गावभागातला माणूस गाद्या माळ्यावर टाकतो. पट्टी ओळखीची असली तर एक फूट पुरतो.

भडंग_दोन_पुड्या
तुम्ही दोघं मीटरपट्टी घेऊन बसलाय. आकार उंचीनं कळत नाही ओ, वेळेनं कळतो.

ट्रेलर आला की ही परीक्षा घ्या. डोक्यावरून सुटलेलं पाणी खाली पोचेपर्यंत फ्रेम मोजा. ५० मीटरवरून पडायला ३.२ सेकंद, म्हणजे सेकंदाला २४च्या गतीनं ७७ फ्रेम. १२० मीटरवरून जवळपास ५ सेकंद, ११९ फ्रेम. आधी पडलं तर डोळा लगेच ‘खेळणं’ म्हणतो, कारण माहीत नसलं तरी. मात्र शॉट स्लो मोशनचा नको आणि पाणी मोठ्या लोटाचं हवं. बारीक फवारा हवेला अडतो, त्याचा हिशेब लागत नाही.

जुने लोक हेच कॅमेऱ्यात करायचे. मॉडेल १/२५ असेल तर वेग २५च्या वर्गमुळानं, म्हणजे ५ पट. २४ऐवजी १२० फ्रेमनं शूट करायचं. इमारत पडताना हे झकास जमतं. पाण्यात फसतं, कारण थेंब काही १/२५ होत नाही. टाकीत एक सेंटिमीटरचा थेंब उडाला की पडद्यावर तो पाव मीटरचा दिसतो, आणि समुद्राचं घंगाळ होतं.

कॉम्प्युटरवर दुखणं वेगळं. तिथं पाणी छोट्या घनचौकटींत कापून हिशेब करतात. चौकट निम्मी बारीक केली की चौकटी ८ पट, काळाचे तुकडेही दुप्पट, म्हणजे काम १६ पट. ‘मायनस वन’ला ६१० शॉट आणि जेमतेम ३५ माणसं होती, ऑस्कर त्याच कामाला मिळालं. पाण्याची बाजू तात्सुजी नोजिमानं काढली. उंची २.४ पट केली तर भिजणारी कातडी ५.७ पट. फेस तेवढाच बारीक ठेवायचा तर हे सगळं सोसायला लागेल. नाहीतर मोठा गॉडझिला आणि जाडाभरडा फेस, म्हणजे उंची वाढवून दिसायला लहान.

कास_पठार (सातारा)
काय राव, सिनेमा आहे की एमपीएससीचा पेपर! २६ मार्च २०२७ला ‘गॉडझिला एक्स काँग: सुपरनोव्हा’ येतोय, त्यात १०० मीटरवाले दोघं धावणार आणि थिएटर शिट्ट्यांनी फुटणार. मागच्या भागात गॉडझिला रोमच्या कलोसियममध्ये मांजरासारखं मुटकुळं करून झोपला होता. तो शॉट मोठ्या आकाराशिवाय जमलाच नसता. ५० मीटरवाला आत घातला तर नुसता हरवलेला पर्यटक. ही जत्रेतली कुस्ती आहे. लाल मातीत उतरल्यावर वजन कोण विचारतं?

भडंग_दोन_पुड्या
कुस्तीतही वजनी गट असतात. धावण्याचं म्हणाल तर पाय लोलकासारखा झुलतो. माणसाचं पाऊल अर्ध्या सेकंदात पडत असेल, तर त्याच ठेवणीच्या १२० मीटरच्या देहाचं ४ सेकंदांनी पडायला हवं. तो माणसाच्या ठेक्यात पळाला की कापूस भरलेला वाटतो. कलोसियमचं मात्र मान्य. तो शॉट झकासच आहे.

कोयनेचं_पाणी
उंची राहू दे. शस्त्राचं काय? पहिल्या भागाची योजना आठवा: फ्रिऑन वायूच्या बुडबुड्यांनी तरंगणं काढून घ्यायचं, सागामीच्या खाडीत १५०० मीटर खाली बुडवायचं, आणि मेला नाही तर फुग्यांनी झटक्यात वर आणून दाब सोडायचा. ८०० मीटरवर त्यानं फुगेच फाडले, टगबोटींना ओढायला यावं लागलं. ह्या सगळ्याचा कणा ‘युकिकाझे’ आणि ‘हिबिकी’ ह्या दोन विनाशिका. खऱ्या इतिहासात १९४७मध्ये युद्धभरपाई म्हणून ‘युकिकाझे’ चीनला गेली आणि ‘हिबिकी’ सोव्हिएत संघाला. गोष्ट १९४७च्या पुढं सरकली असेल तर दोन्ही जहाजं जपानकडे नाहीत. स्वसंरक्षण दलही १९५४शिवाय नाही. आता त्याला समुद्रात नेणार कोण?

इर्विन_पूल
हा मुद्दा माझ्या बाजूचा झाला की. हातात जहाजं नाहीत, सैन्य नाही, अशा देशापुढं ५० मीटर पुष्कळ झाले. माझा डाव पहिल्या भागाच्या शेवटी दिसलेल्या, नायिका नोरिकोच्या मानेवरच्या काळ्या डागावर आहे. धोका ह्या खेपेला आकारातून नाही, माणसाच्या अंगातून येणार.

कोयनेचं_पाणी
डाग आहे हे खरं. पण नुसत्या डागावर कुणी तिकीट काढत नाही. मोठा होणार, लिहून ठेवा.

कास_पठार
मोठा असो नाहीतर बारका, आपल्याकडे ऐकू आला म्हणजे मिळवली. मिक्सिंग डॉल्बीच्या फेडरवर, म्हणजे आवाजाच्या बटणावर, ७ धरून झालेलं असतं. थिएटरवाले तक्रारी नकोत म्हणून ५वर ठेवतात, तिथंच जवळजवळ ७ डेसिबल गेले. सबवूफरला १२० हर्ट्‌झच्या खालचंच काम. आवाज कमी केला की कानाला तोच भाग आधी नाहीसा होतो, आणि पाऊल पडल्यावर खुर्ची गप्प राहते. मध्यंतराआधी ऑपरेटरला साडेसहा मागा. सात मागितलं तर देत नाही, साडेसहाला कुरकुरत का होईना देतो.

भडंग_दोन_पुड्या
आणि थ्रीडी मिळालं तरी टूडी घ्या. पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (हे उजेडाचं माप) उजेड हवा, चष्म्यातून चारएक उरतो. त्यात दिवा जुना असला तर गॉडझिला ५० मीटरचा की १२०चा, हा वादच मिटला, दिसणारच नाही.