लोकलने, बसने गेलेल्या खाड्या आणि किनारे: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल माळ्यावरची रद्दी काढताना १९९८ चं कालनिर्णय हाताला लागलं. फेब्रुवारीच्या पानावर रविवारच्या चौकोनांत बाबांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने आकडे. पंचमीखाली ३॥।, चतुर्थीखाली ३. आधी वाटलं दुधाचा हिशेब. मग एकदम लक्षात आलं, या भरतीच्या वेळा आहेत!

बाबा गोदीत होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे जेवणं आटपून दीडला घर सोडायचं, चुनाभट्टीहून हार्बर पकडायची, शिवडीला उतरून पूर्वेला चालत सुटायचं. धक्क्यावर पोचेपर्यंत ओहोटीचा चिखल असायचा आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, लांब, नुसती गुलाबी रेघ. मी रडकुंडीला यायची. बाबा म्हणायचे, "थांब. आपण जायचं नाही, ते येतील." पाणी चढायला लागलं की उथळ चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो आणि तो अख्खा थवा पावलापावलाने काठाकडे सरकतो. शेवटी इतके जवळ यायचे की चोच उलटी करून चिखल गाळताना दिसायचे. आवाज तर अजून कानात आहे, लग्नघरात पंगत बसताना होतो तसा.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ते पान फाडून ठेवलंय. तुमच्याही अशा जागा असतील, गाडी न काढता लोकल, बस, खाडी ओलांडणाऱ्या तरीने गेलेल्या. लिहा ना.

शिवडीकर
ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमचं लहानपण त्याच रस्त्यावर गेलं. ट्रकांची रांग, उडणारी धूळ, डावीकडे किल्ला. तेव्हा कोणाला सांगितलं फ्लेमिंगो बघायला जातोय तर विश्वास बसायचा नाही. आता १२ जानेवारी २०२४ पासून अटल सेतू तिथूनच सुरू होतो, त्यामुळे सगळा नकाशाच बदललाय. पुलाचं काम चालू होतं ती वर्षं मी गेलोच नाही, बघवत नव्हतं. मागच्या मार्चमध्ये मुलाला घेऊन गेलो. पुलाच्या खांबांच्या पलीकडे थवा होता. मुलाने विचारलं, हे राखाडी कोणते? ती पिल्लं, पहिली काही वर्षं तशीच असतात. गुलाबी रंग खाण्यातून, शेवाळातून येतो. त्याला हे इतकं आवडलं की घरी येऊन दोन दिवस बिटाची कोशिंबीर मागून खाल्ली.

तिसरीच
बिटाची कोशिंबीर 😂 गोड आहे मुलगा!
पाऊणपट खरंच चालते का? म्हणजे एकादशीला सव्वाआठ?

खाडीकाठ
चालते. पण अंदाज आहे तो, अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं. बोटीने जायचं किंवा खडकात उतरायचं तर तक्ता बघूनच निघा. आमच्याकडे आई अजून तिथीवरच चालते. पुनव-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, भांगाला दोन्ही कमी. शिवडीला पक्षी बघायचे तर भरतीच्या आधी दोन तास किंवा नंतर दोन तास. ऐन भरतीला चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा ते उठून दुसरीकडे जातात.

पावसाळी
ऐरोलीची फ्लेमिंगो बघायची बोट कोणी केलीय का अलीकडे? सासूबाई ७२ च्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांना खूप इच्छा आहे.

डोंबिवलीचा पक्षी
केलीय. ठाण्याला ट्रान्स हार्बर पकडायची, ऐरोली स्टेशनवरून रिक्षा. वन खात्याच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथे. बोटीची वेळ भरतीवर ठरते, म्हणून रोज वेगळी. आधी बुकिंग करा. माझ्या आईला बोटीत चढताना दोघांनी हात दिला, मग सगळा वेळ ती पुढच्या बाकावर ताठ बसून होती. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. हेच मी गार्डला विचारत होतो तेवढ्यात आई म्हणाली, "गप्प बस रे, ऐकू दे मला." नोव्हेंबर ते मे या काळातच न्या. सासूबाईंना टोपी आणि पाणी विसरू नका.

पावसाळी
खूप खूप आभार दादा. आईंना वाचून दाखवलं, त्या आत्ताच टोपी शोधायला लागल्यात.

आजोळ
मी जरा वेगळं लिहिते. २०१३ चं विसर्जन, गिरगाव चौपाटी. चर्नी रोडला उतरलो की समोरच. त्या वर्षी पाण्यात पाकटं, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे, आली होती, कितीतरी जणांना काटे लागले. माझ्या धाकट्या भावाला घोट्याजवळ लागला. वेदनेने ओरडत होता आणि आम्हाला काही कळेना. शेजारच्या एका काकांनी पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात धरायला सांगितलं, त्याने जरा उतार पडला, मग दवाखान्यात नेलं. तिथे बराच वेळ बसवून ठेवलं, असो, ते नको लिहायला. तो बरा झाला. पण आता आम्ही पाण्यात उतरलो की पाय उचलून टाकत नाही, वाळूत घासत घासत चालतो. पाकट बाजूला होतं. मुलांना नक्की शिकवा.

खाडीकाठ
बरोबर सांगितलंत ताई. पाकट स्वतःहून येत नाही अंगावर, पाय पडला तरच शेपटी मारतं. आमच्यात पाकटाचं सुकं करतात, ओलं खोबरं न घालता, नुसती आमसुलं आणि भरपूर लसूण.

तिसरीच
आणि निवट्या?

खाडीकाठ
निवट्यांचं कालवण! लिहितो वेगळं. पण निवटी बघायलाच आधी शिका. कांदळवनात ओहोटीला काठावर उभं राहा, पाच मिनिटं हलू नका. चिखलाच्या रंगाचा मासा, डोक्यावर दोन फुगीर डोळे, पुढच्या परांवर हाताने रांगावं तसा चालतो, मधेच उडी मारतो. तिवराच्या झाडाभोवती बोटांएवढी मुळं चिखलातून वर आलेली दिसतील. त्यांतून झाड श्वास घेतं. त्यांवर पाय देऊ नका, एवढंच सांगणं आहे.

सकाळची फेरी
ज्यांना लांब जमत नाही त्यांनी सायनचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघा. धारावी डेपोला बसने उतरा, समोरच. ३७ एकर, एके काळी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं. मागे मिठी नदी आणि कांदळवन. माझ्या लेकीची शाळेची सहल तिथे गेली होती, ती परत येऊन म्हणाली, "आई, खाली कचरा आहे आणि वर फुलपाखरं." मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, मी पंधरा वर्षं त्याच बसने जात होते.

पावसाळी
एक विचारायचं राहिलं. बायकांसाठी स्वच्छतागृह? कुठेही गेलं की तीच चिंता.

आजोळ
शिवडीला धक्क्यावर काही नाही. स्टेशनवरच जाऊन घ्या. ऐरोलीच्या केंद्रात आहे. हे कोणी लिहीत नाही, चांगलं विचारलंत.

हाजीअलीचा मुलगा
२०१८ मध्ये किनाऱ्यावरचे समुद्री जीव दाखवणाऱ्या मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाच्या लोकांबरोबर हाजी अलीच्या खडकांवर गेलो होतो. महालक्ष्मीवरून चालत. पौर्णिमेच्या आसपासची सकाळची ओहोटी, अजून धड उजाडलं नव्हतं. खडकावर हिरवट मऊ गालिचा पसरला होता. वाकून टॉर्च मारला तर एकेक ठिपका म्हणजे एकेक जीव, झोअँथिड म्हणतात. मी बोट पुढे केलं तर गटातल्या बाईंनी हात धरला, "फक्त बघ." एका डबक्यात गोगलगायीएवढी शंख नसलेली गोगलगाय, जांभळी किनार. चाळीस पावलांवर रस्ता, त्यावर गाड्यांचे हॉर्न. मी तिथेच जवळ वाढलो, बत्तीस वर्षांत तो खडक म्हणजे मला फक्त घाण वास होता. नंतर कोस्टल रोडसाठी त्या बाजूचे प्रवाळ उचलून दुसरीकडे नेले. त्या सकाळचे फोटो मी अजून कोणाला दाखवले नाहीत.

रानजाई
दाखवा इथे, सगळ्यांना आवडेल. जेव्हा वाटेल तेव्हा.

मार्वेकाठी
मनोरीच्या तरीचं कोणी लिहिलं का? मालाडहून बस मार्वेला, तिथून पाच-सात मिनिटांत पलीकडे. पलीकडच्या काठाने कांदळवनाच्या कडेने चालायचं. बोटीत शेजारी बसलेल्या आजींनी टोपलीतून मला दोन ताडगोळे दिले, पैसे घेईनात. पांढरी चिप्पी त्यांनीच ओळखून दाखवली, रात्री फुलते म्हणाल्या. २०२० मध्ये तीच आपली राज्य कांदळवृक्ष झाली, हे मी घरी येऊन वाचलं. आता फुललेली बघायची आहे.

शिवडीकर
आणि २०१८ ला उच्च न्यायालयाने तिवरं तोडायला बंदी घातली, हेही लक्षात ठेवा. कुठे भराव पडताना दिसला तर फोटो काढून वन खात्याला कळवा. आमच्याकडे एकदा रात्री डम्पर यायचे, तीन घरांनी मिळून तक्रार केली, थांबलं.

रानजाई
दुपारभर वाचत बसले, भाजी करपली, तरी हरकत नाही. येत्या रविवारी षष्ठी आहे. साडेचार. मी आणि लेक अडीचला शिवडी स्टेशनवर, पूर्वेच्या बाजूला. कोणी येतंय का?

तिसरीच
मी येते. थालीपीठं आणू?

शिवडीकर
आणा. मी दुर्बीण आणतो. रानजाईताई, तुम्ही ते कालनिर्णयचं पान आणा.