पगाराचं टीडीएस रिटर्न राहून गेलंय, दंडाचे रोजचे २०० रुपये कसे थांबवायचे?

लूमहिशोब:
नमस्कार मंडळी, मी जूनच्या शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंटला लागलोय. चाळीसेक कामगार आहेत पण टॅक्स कापला जातो फक्त तिघांचा, मॅनेजर, डाइंग मास्टर आणि मार्केटिंगवाला. आता बघतो तर जानेवारी ते मार्च २०२५ चं २४क्यू, म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचं (टीडीएस) तिमाही रिटर्न, भरलेलंच नाही, ३१ मे ला मुदत संपली आणि आज २० जुलै २०२५. टीडीएस मात्र भरलाय, तिन्ही महिन्यांचा मिळून ३८,०००, फक्त फेब्रुवारीचा १२,००० ७ मार्चच्या ऐवजी १० मार्चला गेलाय. आधीचे अकाउंटंट सोडून गेले, ट्रेसेसचा, म्हणजे इन्कम टॅक्सच्या टीडीएस वेबसाइटचा, पासवर्ड कुणाकडंच नाही. डाइंगचे मास्तर रोज फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, मागायलेत, त्यांच्या पोरीच्या एज्युकेशन लोनला बँकेनं मागितलाय. आणि मालक म्हणतात दंड लागलाच तर त्या तिघांच्या टॅक्सपायी लागला, तिघांत वाटून टाक. मला हे अजिबात पटत नाही पण कायद्याचं काय बोलावं कळंना. किती दंड बसेल आणि आधी काय करू?

नवीपेठ_टॅक्स:
आधी रिटर्न भरा, बाकी सगळं नंतर. कलम २३४ई ची लेट फी दिवसाला २०० आहे, ३१ मे पासून आजपर्यंत ५० दिवस झाले म्हणजे १०,००० झालेच, उद्या १०,२०० होतील. त्या तिमाहीच्या टीडीएसपेक्षा म्हणजे तुमच्या केसमध्ये ३८,००० पेक्षा जास्त होत नाही पण तिथपर्यंत कशाला जायचं. ही फी माफ होत नाही, कारण सांगून सुटका नाही, मुंबई हायकोर्टानं २०१५ मध्येच ती वैध ठरवलीय.

फेब्रुवारीचं वेगळं. कापल्यापासून भरेपर्यंत महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडा पण पूर्ण महिना धरतात. फेब्रुवारीत कापला मार्चमध्ये भरला म्हणजे तीनच दिवस उशीर झाला तरी दोन महिने, १२,००० चे ३ टक्के ३६०. बरेच जण तीन दिवसांचंच व्याज काढतात आणि मग डिमांड येते.

आता खरं काळजीचं सांगतो. रिटर्न वेळेत न भरल्याबद्दल कलम २७१एच खाली १०,००० ते १ लाख पेनल्टी आहे. पूर्वी टॅक्स, फी, व्याज भरून वर्षाच्या आत रिटर्न दिलं की त्यातून सुटका होती, १ एप्रिल २०२५ पासून ती मुदत फक्त एक महिना केलीय आणि तुमचा तो महिना जूनमध्येच संपला. म्हणजे पेनल्टी लागणारच असं नाही, ती आपोआप बसत नाही, नोटीस येते आणि योग्य कारण दाखवता येतं. अकाउंटंट सोडून गेल्याचं पत्र, टीडीएस भरल्याची चलनं हे सगळं आत्ताच फाईलला लावून ठेवा. फॉर्म १६ चंही तसंच, १५ जूनपर्यंत द्यायचा असतो, त्यानंतर दिवसाला ५०० पर्यंत जाऊ शकतं पण तेही अधिकारी ऐकून घेऊन लावतो.

पासवर्डसाठी थांबू नका. फी आणि व्याजाचं २८१ चलन इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन न करता टॅन (टॅक्स कापणाऱ्याचा नंबर) टाकून भरता येतं, आणि एफव्हीयू फाईल (तपासून तयार केलेली रिटर्नची फाईल) सही केलेल्या २७ए (रिटर्नच्या गोषवाऱ्याचा फॉर्म) सोबत टिन सेंटरला, म्हणजे रिटर्न स्वीकारणाऱ्या केंद्रावर, दिली तरी चालतं.

जुळेसोलापूर७:
मी पगारदार माणूस, आमच्या कंपनीनं एकदा असंच केलेलं. पगारातून कापलेला टॅक्स २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा टॅक्स दाखवणाऱ्या पत्रकात, दिसंना, मी रिटर्न भरलं तर मलाच डिमांड आली हो, पैसे माझे कापलेले आणि थकबाकीदार मीच! सहा महिने चकरा. नंतर एका वकिलांनी कलम २०५ दाखवलं, मालकानं टॅक्स कापला असेल तर तेवढा परत कामगाराकडून वसूल करता येत नाही. मास्तरांना सांगा पगारपावत्या जपून ठेवा, आणि यंदा रिटर्नची तारीख १५ सप्टेंबर आहे तर २६एएस मध्ये चौथी तिमाही दिसल्यावरच भरा.

लूमहिशोब:
लई आभार दोघांचे. पण मालकांच्या वाटून घेण्याचं काय?

नवीपेठ_टॅक्स:
फी कापणाऱ्याची, म्हणजे टॅन ज्याचा त्याची. रिटर्न भरायचं काम मालकाचं होतं, मास्तरांच्या हातात काय होतं त्यात? त्या तिघांच्या पगारातून एक रुपया कापू नका, असं मालकांना स्पष्ट सांगा, हवं तर माझा वरचा मेसेज दाखवा.

लूमहिशोब:
दाखवला. थोडा वेळ गप्प बसले मग म्हणाले भर कारखान्याच्या खात्यातून. २१ तारखेला १०,२०० फी आणि ३६० व्याजाचं चलन काढलं, दुपारी टिन सेंटरला फाईल दिली, टोकन नंबर मिळाला. ट्रेसेसला पासवर्ड बदलताना हाच टोकन आणि चलनाची माहिती लागते म्हणे, रिटर्न प्रोसेस झालं की फॉर्म १६ काढतो. मास्तरांना तोपर्यंत बँकेत द्यायला पगाराचं पत्र टाइप करून मालकांची सही घेऊन दिलंय.