दुष्काळाला सरावल्यावर दोन जातींचं जमतं की बिघडतं?

गवताळ:
बरेच दिवस डोक्यात आहे हे. एकाच जागी दोन जाती, खाणं साधारण तेच, आणि वरून दुष्काळ. दोघी पिढ्यानपिढ्या त्याला सरावल्या तर एकत्र नांदणं सोपं होतं की भांडण वाढतं? मला वाटायचं सोपं होणार, टिकल्या ना दोघी. पण आता खात्री नाही. खरं उदाहरण सांगा कोणीतरी, नुसती थिअरी नको

चिमणपंखी:
पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांमधलं डॅफ्ने मेजर बेट बघ. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ १९७३ पासून तिथले फिंच (चिमणीसारखे बिया खाणारे छोटे पक्षी) मोजत होते. १९७७ ला पाऊस जवळपास नाहीच, बारीक बिया संपल्या, राहिल्या त्या सराट्याच्या भाऊबंदाच्या काटेरी बिया (आपल्याकडे अनवाणी पायात घुसतो तोच सराटा), त्या फोडायला चोच दणकट लागते. तिथल्या मध्यम फिंच या जातीतले जवळपास ८५ टक्के गेले, वाचले त्यात मोठ्या चोचीचे जास्त आणि पिल्लंही तशीच निघाली. इथपर्यंत बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं.

पण १९८२ च्या शेवटी मोठा फिंच ही दुसरी जात त्याच बेटावर घरटी करायला लागली, हा फिंच अंगाने भरपूर मोठा आणि सराटा फोडण्यात पटाईत. मग २००३-०४ ला परत दुष्काळ पडला, आणि या वेळी सराटा त्यानेच फस्त केला, त्यामुळे मध्यम फिंचमधले मोठ्या चोचीचेच जास्त मेले, पुढची पिढी लहान चोचीची. दुष्काळ तसाच, पण शेजारी आल्यामुळे दिशाच उलटली! १९७७ ला ज्या चोचीने जीव वाचवला तीच नडली.

डोंगरवाट:
बरोबर, पण यावरून लगेच "सोपं होतं" असं नको म्हणायला. त्या दुष्काळात मोठ्या फिंचचीही दाणादाण उडाली, मोजकेच उरले. आणि मध्यमला बारीक बियांवर भागवता आलं ते लहान चोचीचे त्यांच्यात आधीपासून होते म्हणून. ते नसते तर वळणार कुठे? माझ्या मते सगळं या फरकावर आहे, तो संपला की सरावणं बिरावणं काही नाही.

गवताळ:
अच्छा, म्हणजे मी दुष्काळ आणि शेजारी वेगवेगळे धरत होतो तिथेच चुकलं. पण हा बदल दिसायला किती वर्षं लागली?

चिमणपंखी:
शेजारी येऊन २२ वर्षं झाली होती. पण चोच बदलली ती त्या एका दुष्काळात, तोवर दोघांना पुरेल इतकं खायला होतं ना.