मदत हवी आहे: ध्वनीचा वेग वाढला की वारंवारता वाढते की तरंगलांबी?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी अकरावीत शिकते आणि मी काही वर्षांपासून बासरी वाजवतो. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, हे सूत्र तिला तोंडपाठ आहे. हवेतील ध्वनीचा वेग ० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि तापमान एका अंशाने वाढले की तो साधारण ०.६ मीटरने वाढतो, हेही तिला ठाऊक आहे. मग ही वाढ दोघींपैकी कोणाच्या वाट्याला जाते, असे तिने विचारले, तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही.

प्रयोगशाळेत तिने ५१२ हर्ट्झचा नादकाटा नळीच्या तोंडाशी धरून आतील पाण्याची पातळी हळूहळू उतरवली होती आणि आवाज एकदम घुमतो अशा लागोपाठच्या दोन जागांमधील अंतर, म्हणजे अर्धी तरंगलांबी, मोजली होती. हिशेबाने हे अंतर २० अंशाला सुमारे ३३.५ सेंटिमीटर, तर ३५ अंशाला सुमारे ३४.४ सेंटिमीटर येते. काट्याने सेकंदाला किती वेळा कंप पावायचे ते त्याच्या भुजा ठरवतात, भोवतालची हवा नव्हे. म्हणून येथे तरंगलांबी वाढते.

बासरीत मात्र मला उलटे दिसते. थंडीच्या दिवसांत पहाटे रियाजाला बसलो की माझा षड्ज इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यापेक्षा उतरलेला लागतो आणि फुंकेने नळी ऊबदार होत गेली की तो आपोआप चढतो. नळीची लांबी आणि उघडी भोके तीच असल्याने तरंगलांबी जणू बांधलेली राहते आणि वाढलेला वेग वारंवारतेत उतरतो. आतील हवा २० वरून ३५ अंशांवर गेली, तर वारंवारता अडीच टक्क्यांहून किंचित अधिक वाढेल, म्हणजे षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यातील अंतराच्या निम्म्यापेक्षा थोडी कमी. कानाला हा फरक स्पष्ट खटकतो.

येथवरचा विचार बरोबर आहे का, हे जाणकारांनी कृपया तपासावे. माझी खरी अडचण यापुढची आहे. फुंकेच्या बाजूची हवा गरम आणि दुसऱ्या टोकाची गार असेल, तर एकाच नळीत ध्वनीचा वेग जागोजागी निराळा होतो. अशा वेळी वारंवारता सर्वत्र एकच राहून तरंगलांबी गार टोकाकडे आखूड होत जाते, असे मानावे का? आणि सुराचा अंदाज बांधताना सूत्रात कोणता वेग घ्यावा?

मुलीला समजेल अशा भाषेत कोणी सांगितल्यास फार उपकार होतील.