सुवार्ता (येशूचा संदेश) सांगून फळ दिसत नसेल तर उमेद कशी टिकवायची? (गोवा)

फोंड्याची_वात:
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमची मराठी संगती (ख्रिस्ती उपासनेचा गट) लहान, सहा जणांची. शनिवारी संध्याकाळी फोंड्याच्या आसपासच्या वाड्यांवर जातो, पत्रके देतो, कोणी थांबले तर बोलतो. तीन वर्षे झाली. चहा मिळतो, गोड बोलणे होते, पण उपासनेला नवा माणूस एकही नाही. दोघे जण आता "चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) बघू" म्हणायला लागलेत. पद्धत चुकते आहे का? आणि चुकत नसेल तर मन कसे धरून ठेवायचे? "प्रार्थना करा" एवढेच नको, ती चालूच आहे.

माडाची_सावली:
मोजमाप बदला. उपासनेला किती आले हा आकडा तुमच्या हातातला नव्हेच. बायबलातल्या १ करिंथ ३:६ मध्ये प्रेषित पौल लावण्याचे आणि पाणी घालण्याचे काम माणसांकडे ठेवतो, वाढ देवाकडे. मग वहीत लावणी आणि पाणीच लिहा. चार रकाने पुरेत: दहा मिनिटांहून जास्त बोलणे कोणाशी झाले, त्याने काय विचारले (त्याच्याच शब्दांत), काय वाचायला दिले, पुन्हा कधी जायचे. चौथा रकाना बहुतेक संगतींचा कोरा असतो, आणि खरी चूक तिथेच आहे. पत्रक हातात ठेवून पुढच्या दाराकडे वळले की ते रद्दीत जाते. चाळीस दारांऐवजी पाच घरे धरा, दर पंधरवड्याला तीच.

धीराबद्दल सांगायचे तर बाणावली जातीचा माड सहा-सात वर्षांनी धरतो, आणि तोवर कोणी त्याला वांझ म्हणत नाही. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ च्या नोव्हेंबरात बंगालात उतरले. त्यांच्या कामाचे पहिले बंगाली फळ म्हणजे कृष्ण पाल; त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात, म्हणजे सात वर्षांनी. अमेरिकन मिशनरी जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोचले, पहिला बाप्तिस्मा १८१९ मध्ये. आपल्याकडचे ना. वा. टिळक घ्या. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मधला, पण नवा करार त्यांच्या हाती आला होता आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपियनाकडून. त्या गृहस्थाने वही ठेवली असती तर त्या दिवसापुढे शून्यच लिहिले असते.

मात्र "देवाच्या वेळी होईल" ही आळसाची सबब होऊ देऊ नका. मार्कच्या शुभवर्तमानात, अध्याय ४ मध्ये, बी आपोआप वाढते खरे, पण पेरलेले असते म्हणून.

जुवारीपलीकडे:
वहीचे पटले. पण फोंडा ही काही कोरी पाटी नाही, हे आधी ध्यानात घ्या. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. तुम्ही ज्या वाड्यांवर जाता तिथली कितीतरी दैवतेच सोळाव्या शतकात पोर्तुगीज मुलखातून जीव वाचवून आलेली. इन्क्विझिशन (धर्मद्रोहाचा आरोप ठेवून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय) गोव्यात १५६० मध्ये सुरू झाले, कायमचे बंद झाले १८१२ मध्ये. ऐकणारा हे तोंडावर बोलत नाही, चहा देतो. कोणी बोललाच तर "ते कॅथलिक होते, आम्ही वेगळे" असे सांगून हात झटकू नका. जे झाले ते अन्याय होते, येशूच्या शिकवणीत त्याला जागा नाही, एवढे सरळ म्हणा आणि गप्प राहा. त्यानंतरचे बोलणे बहुधा पहिल्यांदा खरे असते.

आणखी काही बारीक गोष्टी. दुपारी एक ते चार कोणाच्या दारात जायचे नाही. चवथ आणि शिगमो (होळीचा सण) या दिवसांत पत्रके नकोत. बोलावले तर पाहुणे म्हणून जा. "पापी", "तारण", "पुनर्जन्म पावणे" हे शब्द आपल्या मंडळीबाहेर वेगळेच ऐकू येतात, शेवटचा तर हमखास उलटा. शाळेच्या वह्या, औषधे, किराणा देण्याची भेट आणि शास्त्राची भेट एका दिवशी कधीही करू नका. राज्यघटनेचे कलम २५ धर्मप्रचाराचा हक्क देते, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मदत घेऊन मान डोलावणारा माणूस पुढे टिकत नाही.

भाषेकडेही बघा. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले १६१६ मध्ये. सदतीस वर्षे आणि सुमारे अकरा हजार ओव्या, कारण ऐकणाऱ्यांना पुराण ऐकायची सवय होती. तुमची पत्रके इंग्रजीवरून उतरवलेली असतील तर ती आधी बाजूला ठेवा.

तिसरी_घंटा:
त्या थकलेल्या दोघांबद्दल कोणीच बोलले नाही. १ राजे १९ वाचा. थकलेला संदेष्टा एलीया मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. झोप, भाकर-पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. मग चाळीस दिवसांची वाट, मग प्रश्न, आणि शेवटी जोडीला शिष्य अलीशा. क्रम महत्त्वाचा. महिन्यातला एक शनिवार पूर्ण मोकळा ठेवा, त्या दिवशी एकत्र जेवा, कामाचा विषय नको. बाहेर जाताना दोघे-दोघेच (लूक १०:१), आणि थकलेला थकलेल्याबरोबर नको. चवथीनंतर बघू म्हणणाऱ्यांना चवथीपर्यंत सुटी द्या, ओढून नेऊ नका.

फोंड्याची_वात:
आभारी आहे. चौथा रकाना आमचा खरेच कोरा आहे. पाच घरे धरली तर तिथे करायचे काय? दर वेळी बोलायला विषय कुठून आणायचा?

माडाची_सावली:
विषय आणूच नका, मार्क वाचा. सोळा अध्याय, एका भेटीत दोन, आठ भेटींत संपतो. यजमानाला मोठ्याने वाचू द्या, तुम्ही ऐका. दोनच प्रश्न: यात येशू काय करतो? तुम्हाला काय खटकले? खटकलेल्याचे उत्तर त्याच दिवशी देण्याची घाई नको, वहीत लिहा आणि पुढच्या खेपेला घेऊन जा. परत जायला कारणही तेच. एक तयारी आधी करा: १६:८ नंतरचा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. तुमच्या प्रतीत तिथे कंस किंवा तळटीप असेल तर फोंड्यातला वाचक ती विचारणारच.