'मंडळी' फुटली की चर्च फुटलं?

वहीवाला: आम्ही पाच जण दर शनिवारी ख्रिस्ती धर्मशास्त्र आणि चर्चचा इतिहास वाचतो. पुस्तकं इंग्रजी, टिपणं मराठी, वही माझ्याकडे. परवा रोम आणि कॉन्स्टँटिनोपल इथले ख्रिस्ती वेगळे झाले त्याबद्दल लिहिलं, "१०५४ मध्ये मंडळी फुटली." वाचून एकाने विचारलं, "फुटली? कोणत्या पक्षात गेली?" झालं, पंधरा मिनिटं त्यातच गेली. 'चर्च' लिहावं तर दोघे नाराज. मराठी बायबलात 'मंडळी' असताना परका शब्द कशाला, म्हणतात. तुम्ही काय लिहाल?

ग्रीकचा विद्यार्थी: मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया'. अथेन्समधली नागरिकांची सभा म्हणजे एक्लेसिया. बायबलच्या नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय १९ उघडा. इफिस शहरात अर्तमी देवीच्या नावाने ओरडणारा जमाव आहे, आपण कशाला जमलोय हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊकही नाही. त्यालाही लेखक लूक एक्लेसियाच म्हणतो! म्हणजे माणसं, भिंती नव्हेत. या हिशेबाने 'मंडळी' चपखल.

हे भांडण जुनंच आहे. विल्यम टिंडलने १५२६ च्या इंग्रजी नव्या करारात 'चर्च' टाळून जमलेले लोक अशा अर्थाचा शब्द घातला, तेव्हा कॅथलिक विद्वान थॉमस मोर त्याच्यावर तुटून पडले. पुढे १६११ चं किंग जेम्स बायबल, म्हणजे राजाने करवलेलं इंग्रजी भाषांतर, करणाऱ्यांना तर नियमच होता की 'चर्च' बदलायचं नाही. नुसत्या माणसांना चर्च म्हटलं तर बिशपांच्या अधिकाराचं काय, ही खरी धास्ती असावी.

वसईची सून: आमच्याकडे वसईच्या कॅथलिकांत 'ख्रिस्तसभा' म्हणतात, पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भाविकांना, 'धर्मग्राम'. "आमची मंडळी माहेरी गेलीय" म्हटलं की सासरे सासूबाईंबद्दल बोलताहेत, एवढंच मला कळतं :) इमारतीला घरातली म्हातारी माणसं 'देऊळ' म्हणतात. गोव्यातली 'इगर्ज' मात्र पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आली, नाही का?

ग्रीकचा विद्यार्थी: हो ताई, आणि इग्रेजा ही लॅटिनमार्गे एक्लेसियाची नात. माणसांचा शब्द, गोव्यात पोचेपर्यंत त्याची इमारत झाली. 'चर्च'चं नेमकं उलट. ते ग्रीक 'किरियाकोन'वरून, म्हणजे 'प्रभूचं', अर्थात प्रभूचं घर. आता तो शब्द सगळ्या संस्थेला लावतो आपण.

र्‍हस्वदीर्घ: एक मुद्दा राहिला. रोजच्या मराठीत 'मंडळी'चं अनेकवचन कोणी करत नाही. दहा माणसं असोत की शंभर, मंडळी जेवायला बसली. बायबलात मात्र 'प्रकटीकरण' या पुस्तकात आशिया प्रांतातल्या (आजचा पश्चिम तुर्कस्तान) 'सात मंडळ्या' आहेत. अनेकवचन निराळं, अर्थ निराळा. माझ्या मते कोशात याची स्वतंत्र नोंद हवी. वहीवाले, तुमचा घोळ एकवचनामुळे झालाय. 'मंडळ्या' म्हटलंत की पक्षांतराची शंका कुणाला येणार नाही. आणि 'फुटली' काढाच.

वहीवाला: पटलं. वहीत आता इमारत 'चर्च', माणसं 'मंडळी', आणि १०५४ पुढे "पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या मंडळ्या विभक्त झाल्या." गटातल्या काकू लगेच म्हणाल्या, "विभक्त म्हणजे चूल वेगळी झाल्यासारखं वाटतं रे." म्हटलं, काकू, तसंच तर होतं. प्रभुभोजनाच्या विधीतली भाकर खमीर घातलेली की बेखमीर, यावरूनही वाजलं होतं त्यांचं.