मदत हवी आहे: स्वीडनहून अमेरिकेला गेलेल्या पूर्वजाचा माग

मंडळी, माझी सून मिनेसोटाची. तिचे खापरपणजोबा १८८२ च्या वसंतात स्वीडनच्या स्मोलांड भागातून निघाले. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर फिकट शाईत नाव, 'गोथेनबर्ग' आणि 'एप्रिल', बास!

गोथेनबर्ग हे स्वीडनचं बंदर; तिथल्या पोलिसांच्या प्रवासी याद्या १८६९ पासूनच्या आहेत, त्यात पॅरिशही (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग) लिहिलेली असते. पण आडनाव योहान्सन, म्हणजे नुसतं 'योहानचा मुलगा'. (सख्खी बहीण योहान्सडॉटर!) त्याच नावाचे, बावीस वर्षांचे दोघे सापडले, पॅरिश वेगवेगळ्या.

तेव्हा बहुतेक लोक आधी बोटीने इंग्लंडचं हल बंदर, तिथून रेल्वेने लिव्हरपूल आणि मग मोठ्या जहाजाने न्यूयॉर्क असे जात. न्यूयॉर्कचं एलिस आयलंड हे स्थलांतरितांचं केंद्र १८९२ चं, म्हणून मी त्याआधीच्या कॅसल गार्डन केंद्राच्या काळातल्या याद्या चाळल्या. तिथे योहान्सनचे झालेले जॉन्सनच जॉन्सन, आणि गावाच्या जागी फक्त 'स्वीडन'.

आता दोन्ही पॅरिशांची स्थलांतर नोंदवही आणि चर्चची कुटुंबवार वही पाहायची आहे. पानं ऑनलाइन मिळाली, पण ते अक्षर म्हणजे आपली मोडी बरी! जुनं स्वीडिश हस्ताक्षर वाचणारं कुणी आहे का? आणि दोघांतला आपला कोणता, हे तुम्ही कशावरून ठरवलं असतं?